बारा पेट्या काळी माती

शारजा औद्योगिक क्षेत्रात ज्या लॅबमध्ये मी नऊ वर्षं काम केलं, तिच्या एका अंगाला ट्रकचं गॅरेज होतं आणि दुसऱ्या अंगाला लोखंडी गेट बनवणारं वर्कशॉप. दिवसभर घणाचे घाव, ग्राइंडरची किंचाळी आणि पाच-सात भाषांमधल्या शिव्या कानावर पडायच्या. उन्हाळ्यात पारा चढला की गॅरेजमध्ये मारामारी ठरलेली. एका जूनमध्ये टायरवरून दोघांची जुंपली आणि एकाने दुसऱ्याच्या मांडीत स्क्रूड्रायव्हर खुपसला. मी खिडकीतून बघत होते. रक्त सिमेंटवर सांडलं आणि उन्हाने बघता बघता काळपट झालं. मी खिडकी लावून घेतली आणि वजनकाट्यापाशी परत आले. मारणारी माणसं वेगळ्या घडणीची असतात, असं मला तेव्हा वाटायचं.

माझं काम मातीला नाव देण्याचं. वाळवंटात मातीचं काय काम, असं लोक हसत विचारतात. पण इमारतीचा पाया असो, हॉटेलची बाग असो की खजुराचं शेत, मातीचा रिपोर्ट सगळ्यांनाच लागतो. आमच्याकडे येणारे नमुने बहुतेक वाळूचे, नाहीतर जिप्समचे. मी मूळची मराठवाड्यातली, पुण्यात मृदाशास्त्र शिकले आणि लग्नानंतर इकडे आले. दुबईच्या करामा भागात आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. नवरा एका शिपिंग कंपनीत. मुलगी अकरा वर्षांची, आपण मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा संवाद.

लॅबमध्ये माझ्याबरोबर एक काका होते. दापोलीकडचे, पन्नाशी उलटलेले. तरुणपणी जांभ्याच्या खाणीत चिरे काढायचे, इथे आल्यावर काही वर्षं साइटवर खड्डे खणले आणि मग आमच्याकडे लागले. नमुने वाळवणं, कुटणं, चाळणं, पेट्यांवर चिठ्ठ्या लावणं हे सगळं त्यांच्याकडे. चारचौघांत मला मॅडम म्हणायचे, एरवी ताई. बोलणं मोजकं. पण ढेकळं कुटताना असा घाव घालायचे की माझ्या टेबलावरची बाटली हलायची.

एका जानेवारीत आमच्याकडे बारा पेट्या आल्या. इथलीच एक मोठी कंपनी धान्य पिकवायला परदेशात जमीन घेत होती, दूर उत्तरेकडच्या एका गवताळ मैदानी प्रदेशात. जमीन दाखवणारा दलाल म्हणत होता की सगळी जमीन खोल गाळाची, काळी, पहिल्या प्रतीची आहे. सौदा करण्याआधी आमच्या लॅबकडून खात्री करून घ्यायची, असं कंपनीने ठरवलं. म्हणून बारा ठिकाणी माणूसभर खोल खड्डे खणून, खड्ड्याच्या भिंतीतून मातीचा उभा काप जसाच्या तसा काढून, दीड-दीड मीटरच्या लाकडी पेट्यांत भरून पाठवला होता. काप काढण्याचं काम दलालाच्याच माणसांनी केलं होतं. परदेशची माती देशात आणायला खास परवानगी लागते, ती कंपनीने काढली होती. तपासणी झाली की उरलेली माती भट्टीत जाळून टाकायची, अशी त्यात अट होती.

पहिल्या पेटीचं झाकण उचकटून काढल्यावर काका म्हणाले, "ताई, ही तर तुमच्याकडची."

रंगाने होती तशीच. पण मी चिमूटभर माती ओली करून बोटांत चोळली आणि फरक कळला. आमच्याकडची काळी माती चिकण असते. ओली झाली की पायाला किलोकिलोने चिकटते, वाळली की अशी भेगाळते की भेगेत पाय जावा. ही मैद्यासारखी होती. बोटांना खरखर नाही आणि चिकटाही नाही, नुसतं गुळगुळीत. तो गाळ. वाळूपेक्षा कितीतरी बारीक आणि चिकणमातीच्या कणांपेक्षा मोठा. हजारो वर्षांपूर्वी वाऱ्याने तो उडवून आणून तिथे थरावर थर टाकला. त्यावर गवत आलं. दर वर्षी गवताची मुळं मरत गेली, जमिनीतच कुजत गेली आणि वरचा थर काळा होत गेला. त्या पेटीत दीड मीटरपर्यंत एक खडा सापडला नाही.

अशी माती मी पुस्तकात वाचली होती, हातात पहिल्यांदाच घेत होते. आठवडाभर मी जेवायचं विसरून त्या पेट्यांवर वाकून असायचे. वर दीड-दोन वीत काळा, भुसभुशीत थर. तो कुठे संपला ते बोट ठेवून सांगता येत नाही, कारण काळा हळूहळू तपकिरी होत जातो. गांडुळांची बिळं वरून खाली गेलेली आणि त्यांत वरची काळी माती भरलेली. मधल्या थरात ढेकूळ फोडलं की त्याच्या अंगावर चिकणमातीचा चकचकीत पापुद्रा. अगदी तळाशी चुन्याचे पांढरे धागे, त्यावर पातळ आम्लाचा थेंब टाकला की फसफसतात. काका प्रत्येक पेटीपाशी उभे राहायचे आणि थेंब पडला की म्हणायचे, "उकळली."

वर्गीकरण करायचं म्हणजे वरून खाली उतरत जायचं. आधी सर्वांत मोठा वर्ग. वरचा थर गडद, मऊ आणि पुरेसा जाड असेल, त्यात कॅल्शियमसारखी पोषक द्रव्यं भरपूर असतील, तरच ती माती गवताळ मैदानांच्या मोठ्या वर्गात बसते. त्याला मॉलिसॉल म्हणतात. मग त्या भागात ओलावा किती टिकतो, खाली चिकणमाती साठलेला थर आहे का, आणि शेवटी कण किती बारीक, यावरून पुढची नावं ठरतात. वरचा थर नसला तर मात्र पहिल्याच पायरीवर ती माती बाहेर पडते आणि तिचं नाव, गाव, भाव सगळं बदलतं.

आठ पेट्या पायरी पायरीने नीट उतरल्या. चार पेट्यांनी मला अडवलं.

त्या चारींतही वर काळा थर होता, पण तो सुरीने कापल्यासारखा एका रेषेत संपत होता. रेषेखाली लगेच पिवळी माती आणि तिथेच आम्ल फसफसत होतं, म्हणजे जो चुना तळाशी असायला हवा तो अर्ध्यातच आला होता. एकही बीळ ती रेषा ओलांडून खाली गेलं नव्हतं. वरची मुळं तुकडे तुकडे झालेली. काळ्या थरात भुसभुशीतपणा नव्हता, माती ठोकून बसवल्यासारखी पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटत होती. एका पेटीत तर फावड्याच्या पात्याचा तुळतुळीत ठसा उमटलेला होता.

मी काकांना बोलावलं. त्यांनी बोटाने तो ठसा चाचपला. "ही वरून भरलीय ताई. कुणीतरी ठोकलीय. चिऱ्यांच्या खाणीत भराव घालतो ना आम्ही, तशी."

उतारावरची जमीन होती ती. तिची मूळची काळी माती केव्हाच धुऊन गेली होती आणि पेटीत काप भरताना वरचा भाग दुसरीकडची माती आणून उभा केला होता. मी पाणी घालून, हलवून, कण खाली बसण्याचा वेळ मोजून पुन्हा पुन्हा तपासलं. शंकेला जागा नव्हती.

दलाल पहिल्यांदा आला तेव्हा हातात बाकरवडीचा पुडा होता. मुंबईचा माणूस, चाळिशीचा, अंगाने भरलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट. मराठी ऐकून मला क्षणभर बरंच वाटलं होतं.

"वहिनी, आपलं माणूस लॅबमध्ये आहे म्हटल्यावर मी निर्धास्त आहे," तो म्हणाला. "बारा पेट्या, एक नाव. दोन ओळींचं काम."

"आठांचं नाव एक आहे," मी म्हटलं. "चारांचं वेगळं येतंय."

"वेगळं कसं? काळी ती काळी."

मी त्याला पेटीपाशी नेलं. रेषा दाखवली, तुटलेली मुळं दाखवली, आम्लाचा थेंब टाकून दाखवला. तो बघत होता आणि हसत होता, पण शर्टाच्या कॉलरवरची मान हळूहळू लाल होत गेली.

"तिकडच्या मजुरांनी काप काढताना थोडी पडझड झाली असेल," तो म्हणाला.

"मग पुन्हा काप काढून पाठवा. तोवर या चार मी मॉलिसॉल म्हणून लिहू शकत नाही."

"शकत नाही की लिहिणार नाही?"

"दोन्ही," मी म्हटलं.

तो गेला. बाकरवडीचा पुडा त्याने उचलून परत नेला. काकांना त्याचं फार हसू आलं.

चार दिवसांनी काका कामावर आले ते ओठ फुटलेला आणि एक डोळा सुजून बंद झालेला. "जिन्यावरून पडलो," म्हणाले. मी बर्फ आणला. दुपारी त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांच्या लेबर कॅम्पच्या गल्लीत, बसमधून उतरल्या उतरल्या, दोघांनी त्यांना भिंतीला दाबून धरलं होतं. एकाने विचारलं, "वो चार पेटी में हाथ किसने मारा?" पेट्या लॅबमध्येच बिघडल्या असं त्यांना वदवून घ्यायचं होतं. काका म्हणाले, कुणी नाही. मग त्यांनी मारलं. पोटात, तोंडावर, आणि खाली पडल्यावर बुटाने.

"पोलिसात जाऊ," मी म्हटलं.

"कशाला. कोण होते मला काय माहीत," ते म्हणाले आणि खल घेऊन कुटायला बसले. त्या दिवशी ते इतक्या जोरात कुटत होते की खलाला चीर गेली.

मी आमच्या लॅबच्या मालकांकडे गेले. ते केरळचे, साठीचे, भित्रे पण वाईट नव्हे. त्यांनी डोकं धरलं. "मॅडम, 'बहुतांशी' असा शब्द टाका ना. बहुतांशी खोल गाळाची माती. खलास."

"बारातल्या चार खोट्या आहेत, सर."

त्यांनी चारही पेट्यांचे आकडे पुन्हा वाचले. मग म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही लिहा, खाली मी सही करतो." हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. सही त्यांनी केली. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी कंपनीकडे जायचा होता.

त्याच संध्याकाळी मला फोन आला. "वहिनी, करामात राहता ना तुम्ही? मुलगी सकाळी बस येईपर्यंत खाली एकटीच उभी असते. आजकाल गाड्या फार जोरात चालवतात लोक." आवाज अगदी घरच्यासारखा. मी फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, सोड ही नोकरी. मी म्हटलं, उद्या रिपोर्ट जाऊ दे, मग बघू. सकाळी मुलीला त्याने स्वतः शाळेत सोडलं आणि मी शारजाला गेले.

गुरुवार होता. मालक अबुधाबीला गेले होते. रिपोर्ट मी सकाळी आल्या आल्या मेल केला. अकराच्या सुमारास दलाल आला, एकटाच. शर्ट बाहेर आलेला, घामाने पाठ भिजलेली. कंपनीने त्याला फोन केला असणार. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीला माती काढायचे लोखंडी पाइप टेकवून ठेवलेले असायचे, हाताएवढे लांब, टोकाला धार असलेले. त्यातला एक उचलून त्याने पहिल्या पेटीवर घातला.

लाकूड फुटलं. माती उडाली. दुसरी पेटी, तिसरी पेटी. खोटी कोणती आणि खरी कोणती, हे तो बघत नव्हता. काळी धूळ अशी उठली की मला त्याचं तोंड दिसेना, फक्त पाइप वर जाताना आणि खाली येताना दिसत होता. तो आईवरून शिव्या देत होता, मराठीत, आणि त्या शिव्या मी कितीतरी वर्षांत ऐकल्या नव्हत्या.

काका मध्ये पडले. हात पसरून पेटीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, बस झालं आता."

त्याने पाइप आडवा फिरवला. तो आवाज मी विसरू शकलेले नाही. नारळ दगडावर आपटल्यासारखा होता, पण ओला. काका उजव्या कुशीवर कोसळले. जबडा एका बाजूला सरकलेला दिसत होता आणि कानातून रक्त येत होतं. त्याने पाइप पुन्हा उचलला.

माझ्या टेबलावर हातोडी होती. दगड-ढेकळं फोडायची, एका बाजूला चौकोनी आणि दुसऱ्या बाजूला टोकदार. ती माझ्या हातात कधी आली ते मला आठवत नाही. मी धावत गेले आणि त्याच्या पाइप धरलेल्या हाताच्या कोपरावर चौकोनी बाजूने मारली. हाड मोडल्याचं मला माझ्या मुठीत जाणवलं. पाइप घरंगळत गेला. तो ओरडून गुडघ्यांवर बसला, मोडका हात छातीशी धरून. त्याच्या हातात आता काही नव्हतं. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "नको."

मी पुन्हा मारलं. खांद्यावर, गळ्याच्या हाडाच्या जरा वर, सगळं वजन टाकून. डोक्याला लागलं असतं तर तो मेला असता. डोकं चुकवावं म्हणून मी खांद्यावर मारलं असं मला सांगता आलं असतं, पण ते खरं नाही. तो हलला म्हणून खांद्यावर बसला.

आणि मला बरं वाटलं. हे लिहायला मला काही वर्षं लागली. अंगातून काहीतरी गरम, मोकळं धावत गेलं आणि मी हातोडी तिसऱ्यांदा उचलली. तेव्हा गॅरेजमधला एक पठाण फोरमन आणि आणखी दोघं आत आले. फोरमनने मागून माझी मनगटं धरली आणि म्हणाला, "बस बेटी, बस. खलास." मी त्याच्या हातालाही चावले होते, असं त्याने नंतर पोलिसांना हसत सांगितलं.

काकांना आणि दलालाला वेगवेगळ्या अँब्युलन्समधून नेलं. मला पोलिसांच्या गाडीतून. माझ्या केसांत, नाकात, दातांत ती गुळगुळीत माती भरलेली होती. चौकीत पाणी दिलं तेव्हा चूळ काळी पडली.

पोलीस अधिकारी तरुण होता, नम्र. त्याच्या शेजारी हिंदी बोलणारा दुभाष्या. लॅबमध्ये दोन कॅमेरे होते, सगळं चित्रित झालेलं. त्यांनी मला ते दाखवलं. आवाज नव्हता. पडद्यावरच्या बाईने माझ्या ओढणीसारखी ओढणी घेतलेली होती, पण तिचं तोंड मी ओळखलं नसतं.

अधिकाऱ्याने चित्र थांबवलं. दुभाष्या म्हणाला, "पूछ रहे हैं, पहला वार समझ में आता है। आदमी को बचाना था। दूसरा क्यों?"

तिथे माझा नवरा बसला होता. लॅबच्या मालकांनी पाठवलेला वकीलही होता. त्याने मला आधीच बजावलं होतं, घाबरले होते एवढंच म्हणा. मी दुभाष्याला म्हटलं, "गुस्सा आया था। उसके हाथ में कुछ नहीं था, मुझे दिख रहा था।"

वकिलाने डोळे मिटले. अधिकाऱ्याने लिहून घेतलं.

माझा पासपोर्ट जमा झाला. जामिनावर मला त्याच संध्याकाळी सोडलं. घरी आल्यावर मुलगी दारातच उभी होती. तिने माझ्या हातांकडे पाहिलं.

"आई, डिड यू हिट हिम?"

"हो."

"इज ही डेड?"

"नाही."

"गुड," ती म्हणाली, आणि मला कळेना की तो मेला नाही हे गुड, की मी मारलं हे. तिने त्यानंतर बरेच दिवस माझ्याजवळ झोपायला नकार दिला.

काकांचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टरांनी तो तारांनी बांधून टाकला. डाव्या कानाचा पडदा फाटला होता आणि आतलंही काही दुखावलं होतं, त्या कानाने आता ऐकू येणार नाही असं सांगितलं. सहा आठवडे ते नळीने पातळ पदार्थ घेत होते आणि बोलायचं असलं की लिहायचे. मी लॅबमधल्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांचं पुडकं नेऊन दिलं होतं. त्यांचं अक्षर सुंदर होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पहिल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "रिपोर्ट गेला का?"

"गेला," मी म्हटलं.

त्यांनी अंगठा वर केला.

मार्चमध्ये दलालाच्या वकिलाकडून निरोप आला. काकांनी आणि लॅबने त्याच्यावरची तक्रार मागे घ्यावी, तो माझ्यावरची मागे घेईल. आमच्या वकिलाने समजावून सांगितलं. काकांच्या बाजूने प्रकरण भक्कम होतं. पेट्या फोडल्या, माणसाला कायमचं बहिरं केलं, सगळं कॅमेऱ्यात. पण त्याच चित्रात पुढे मी होते, आणि माझा जबाब. पहिल्या फटक्यावर थांबले असते तर दलालाकडे देण्यासारखं काहीच नव्हतं. दोन्ही बाजूंनी कागद दिले तर प्रकरण बहुधा मिटेल, नाहीतर मला शिक्षा होऊ शकते आणि त्यानंतर देश सोडावा लागेल.

मी काकांना सांगायला गेले तेव्हा ठरवून गेले होते की त्यांना सही करू द्यायची नाही. मी म्हटलं, "काका, त्याला सोडायचं नाही. माझं काय व्हायचं ते होऊ दे. मी मारलं ते मी भोगेन."

त्यांनी चिठ्ठी ओढली. बराच वेळ लिहीत होते. मग पुढे केली. "ताई तुमची मुलगी शाळेत आहे. माझा कान काय परत येणार नाही. सही करतो. वाद घालू नका, मला बोलता येत नाही."

मी वाद घातलाच. त्यांनी दुसरी चिठ्ठी लिहिली नाही. तोंड भिंतीकडे फिरवलं, बहिरा कान माझ्याकडे केला आणि तसेच पडून राहिले.

सह्या झाल्या. ज्या दिवशी माझा पासपोर्ट परत मिळाला, त्या दिवशी दलाल चौकीच्या पायऱ्यांवर भेटला. हात अजून पट्ट्यात होता. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, ओळखीच्या माणसाकडे बघून हलवतात तशी. मला पुन्हा तेच गरम काहीतरी अंगात उठलेलं जाणवलं. नवऱ्याने माझा दंड घट्ट धरला होता.

कंपनीने ती चार ठिकाणची जमीन वगळली. बाकीची घेतली. त्याच दलालाकडून घेतली, असं मला नंतर कळलं. तिथे आता गहू होत असेल. माझा रिपोर्ट बरोबर होता याचं एक प्रमाणपत्र म्हणजे तो सौदा, असं आमचे मालक म्हणाले.

फुटलेल्या पेट्यांमधली माती अटीप्रमाणे नष्ट करायची होती. ती सगळी एकमेकांत मिसळली होती, खरी आणि खोटी. मी एकटीने ती भरून भट्टीत घातली. जळक्या गवतासारखा वास आला. भट्टी उघडली तेव्हा काळेपणा पूर्ण गेला होता आणि ट्रेमध्ये विटकरी रंगाची, पिठासारखी पूड होती. थंड झाल्यावर पोत्यात भरली, पोत्यावर सील लावलं, फोटो काढून परवानगी देणाऱ्या खात्याला पाठवला.

काका मे महिन्यात गावी गेले. एअरपोर्टला सोडायला मी गेले होते. जबडा थोडा वाकडा बसला होता, त्यामुळे हसले की एका बाजूनेच हसल्यासारखं दिसायचं. त्यांना मी पुष्कळ काही बोलायचं ठरवलं होतं, पण गाडीत ते माझ्या उजवीकडे बसलेले होते आणि बहिरा कान माझ्याच बाजूला होता. इथे स्टिअरिंग डावीकडे असतं. मी जे काही बोलले ते बहुतेक त्यांनी ऐकलंच नाही.

आता ते दापोलीकडेच असतात. महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतो आम्ही एकमेकांना. मी ती लॅब सोडली, दुबईत एका बागांच्या कंपनीत आहे, हातोडी लागत नाही असं काम. गेल्या वर्षी एकदा बोलता बोलता मी त्यांना विचारलं, "काका, सही केली त्याचा कधी राग येत नाही?"

"सहीचा नाय येत," ते म्हणाले. मग म्हणाले, "एक सांगू का ताई? मी त्या दिवशी बेशुद्ध नव्हतो. खाली पडून बघत होतो. तुम्ही दुसरा मारलात तो दिसला मला. मनात म्हटलं, अजून एक हाणा."

मी म्हटलं, "मीही हाणणारच होते. धरलं मला."

"हो. बरं झालं धरलं," ते म्हणाले.

त्यांच्याकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं की मुलगी कितवीत गेली, आणि मी सांगू लागले.